प्रकाश मोजणारे काका

"प्रकाश बघू दे जरा," असं म्हणत काका समोरच्याच्या हनुवटीखाली लाइट मीटर धरायचे. नवरी असो, गुरुजी असोत की हॉलचा इंग्रज केअरटेकर, मीटरवरच्या त्या पांढऱ्या गोळ्यापुढे प्रत्येक जण निमूट उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही.

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत वाढलो. इथल्या मराठी लग्नांचे फोटो मीच काढणार, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हे काका लंडनजवळच्या हाउन्सलोहून आले. एअरपोर्टवरची नोकरी गेली, मुलगी इथल्या हॉस्पिटलात लागली, म्हणून त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि फ्रंट रूममध्ये स्टुडिओ थाटला. एका समरमध्ये सगळी लग्नं त्यांची!

तुम्ही म्हणाल, फोटो चांगले काढत असतील. छे! निम्म्या फोटोंत अंतरपाट तिरका. पण मी चळवळीच्या पत्रकांवर पोसलेला. धंदाही पत्रक छापूनच सुरू केला होता. 'हुंडा, मानपान, पत्रिका बघून ठरलेल्या लग्नांचे फोटो काढले जाणार नाहीत.' त्यावर एकच फोन आला. त्या बाईंना काकांचा नंबर हवा होता.

"पत्रक वाचलं तुझं," काका एकदा बसस्टॉपवर म्हणाले. "फर्स्ट क्लास. आता उरलं कुणाचं लग्न, तेवढं सांग. बुकिंग तुझ्याकडे पाठवतो."

"हसा. तुम्हाला प्रिन्सिपल्स नाहीत."

"कुठे ठेवू रे? बॅगेत तीन लेन्स आहेत."

मग माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. "तू भाऊ म्हणून ये, कॅमेरा घरी ठेव," असं तिनेच बजावलं आणि काकांना बोलावलं.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. लग्नाच्या दिवशी आई सकाळपासून हॉलच्या किचनमध्ये. विधवेने मंगल कार्यात पुढे येऊ नये, हे तिला इथे कुणी सांगितलं नव्हतं. ते ती पुण्याहून सोबत घेऊन आली होती. कन्यादानाला मामा-मामी बसणार होते.

मी किचनमध्ये अर्धा तास बोललो. रूढी, अन्याय, बाईचा अपमान, सगळं. मसालेभाताखालचा गॅस बारीक करत ती म्हणाली, "बरोबर आहे रे तुझं. पण आज नको. तिच्या संसाराला काही झालं तर?"

तेवढ्यात दारात काका. "वहिनी, पाच मिनिटं येता? नवरीशेजारी कुणीतरी उभं करून प्रकाश बघायचाय."

"अहो, दुसरं कुणी घ्या ना."

"तिच्या रंगाचं दुसरं कोण आहे इथे? चला, माझं काम अडलंय."

आई हात पुसत गेली. प्रकाश त्यांनी तासापूर्वीच मोजला होता, मी पाहिलं होतं. मीटर धरून ते काहीतरी पुटपुटले, आई हसली, आणि बहिणीने तिचा हात पकडला तो सोडलाच नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा आई तिथेच उभी होती.

माझा जळफळाट विचारू नका. चीड माझी, शब्द माझे, आणि आईला मांडवात नेलं ते ह्या माणसाने, चार वाक्यांत. त्या फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, बघून हसते आहे. माझ्याकडे बघून ती तशी कधी हसलेली मला आठवत नाही.

पाच वर्षांनी माझं लग्न निघालं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात काका गेले. लग्नाच्या दिवशी आई पुन्हा किचनमध्ये.

"ताईच्या वेळी आली होतीस की!"

"तेव्हाचं वेगळं. तेव्हा त्यांचं काम अडलं होतं."

भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी मुंडावळ्या तिच्यापुढे धरल्या. "आई, ह्या मला बांधता येत नाहीयेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलतोयस," म्हणाली, आणि बांधायला लागली.

नवा फोटोग्राफर तेव्हा स्टेजवर दिवे लावत होता. आईची बोटं माझ्या कपाळावर होती, आणि समोर कॅमेरा घेऊन कुणीही नव्हतं.