हुसेनसाबांना न पटलेले बुडबुडे

विजापूर वेशीत राहणारे हुसेनसाब तीस वर्षं एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढत होते. पेशंट घाबरला की म्हणायचे, “काय होत न्हाय, एका सेकंदाचं काम हाय.” स्वतःचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला त्यांच्या छातीवर असायचा. तो तपासून आला की दरवेळी ‘मर्यादेत’ असा शेरा असे. “तपासणाऱ्याला कुणी तपासलंय?” असं ते विचारायचे.

त्यांची मुलगी गुलनाज पुण्याला संशोधनाला गेली. एकदा फोनवर म्हणाली, “अब्बा, माझाही विषय एक्स-रेच आहे.”

हुसेनसाबांनी फोन कानाशी घट्ट धरला. ती पुढं सांगू लागली.

“दुसऱ्या दीर्घिकांमध्ये जबरदस्त एक्स-रे फेकणाऱ्या जागा असतात. त्या आजूबाजूच्या वायूचा बुडबुडा फुगवतात. ते बुडबुडे मी तपासते.”

“किती लांबनं?”

“तिथला उजेड इथं पोचायलाच सव्वा कोटी वर्षं लागतात.”

लांब आहे, काही होत नाही. हे बोलणं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

ईदला गुलनाज घरी आली. तिची आई बिस्मिल्ला तिचे केस विंचरत होती, तर कंगव्यात हा एवढा पुंजका आला. “हॉस्टेलचं पाणी जड आहे,” गुलनाज म्हणाली. हुसेनसाबांनी पुंजका उजेडात धरून पाहिला. किरणांनी केस गळतात हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात ते न कळवता पुण्याला गेले. सोबतच्या रेक्झिनच्या पिशवीत दवाखान्यातून मागून आणलेला, किरण अडवणारा शिशाचा एप्रन होता. त्याला कुठं तडा नाही ना, हे त्यांनी त्याचाच एक्स-रे काढून बघितलं होतं. संस्थेच्या गेटवर वॉचमननं पिशवी उचलली आणि तो चपापला.

“काय आहे यात?”

“पोरीला अंगात घालायचा कपडा.”

“एवढा जड?”

वॉचमननं फोन करून बोलावलेली गुलनाज धावत येईपर्यंत दोघं एकमेकांवर नजर रोखून उभे होते.

तिच्या खोलीत टेबलं, कॉम्प्युटर आणि चहाची किटली. हुसेनसाबांनी भिंत ठोकून पाहिली, दारामागं डोकावलं. “यंत्र कुटं लपवलंय?”

“वर, उपग्रहावर. इथं फक्त त्यानं टिपलेलं येतं.”

तिनं पडद्यावर एक लांबट, लालसर कडं दाखवलं. हजारेक प्रकाशवर्षं लांबीचा बुडबुडा. मधे बारीक ठिपका.

“हा ठिपका फुगवतो?” हुसेनसाबांनी विचारलं.

“बहुतेक. तिथं कृष्णविवर असावं. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं, आणि त्यातला काही जोरानं बाहेर फेकला जातो.”

“तू बगितलंस फेकताना?”

“नाही. उलट हा ठिपका फारच मंद दिसतो. एवढा मोठा बुडबुडा याचाच का, असा मलाही संशय आला. एखादा तारा फुटून झाला असेल म्हणून वायूचा वेग काढला. पण त्या वेगाचा हिशेब केला तर एका स्फोटात एवढं फुगत नाही.”

हुसेनसाब खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “आसा एक संशय माजाबी हाय. तुज्या आदी एक लेकरू होतं. पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. तवा तुजी अम्मी रोज माज्या एक्स-रेच्या खोलीबाहेर बसायची. डॉक्टर म्हणले, किरणांचा संबंध न्हाय. मला आजतागायत पटलं न्हाय.”

गुलनाजनं हे कधीच ऐकलं नव्हतं. तिनं लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. “दार शिशाचं होतं?”

“व्हय.”

“बंद असायचं?”

“मीच लावायचो की. दोनदोनदा बगायचो.”

“तुम्ही आत असायचात. तुमच्या बिल्ल्यावर कधी जास्त आलं?”

“कदीच न्हाय.”

“मग बाहेर बसलेल्या अम्मीपर्यंत काय पोचणार, अब्बा?”

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. नंतर तिला रक्त तपासायला घेऊन गेले. लोह कमी निघालं. केस गळायचं कारण तेच, असं डॉक्टर म्हणाले. हुसेनसाबांनी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतलं. तिथंही तेच निघालं, तेव्हा कुठं एप्रनची पिशवी घेऊन संध्याकाळच्या गाडीत बसले.

घरी त्यांनी बिस्मिल्लाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “इतकी वर्षं एकट्यानंच घोळवत बसला व्हय? मला इचारायचं तरी. माज्या मनात तसलं कदी आलंच न्हाय.” आणि गुलनाजला पाठवायला खजूर आणायला त्यांना पिटाळलं.