बारा फुटांचे अण्णा

माझ्या आईच्या वडिलांना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट साऱ्या रेणापूरला कळायला एक बोर्ड पुरला.

व्यंकटमामानं रेणापुरात खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. बोर्डावर त्याला त्याचा बाप, म्हणजे आमचे अण्णा, हवे होते. मी नुकताच लातूरला ग्राफिक डिझाइनचा कोर्स करून बसलो होतो. (बसलोच होतो. काम कुठं होतं!) अण्णांचा जगात एकच फोटो. नव्या ट्रॅक्टरच्या एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला एक. दोघांना पांढरी टोपी, दोघांना मिशा, आणि तोंडं नखाएवढी.

"डावीकडचा माझा बाप," मामा म्हणाला. "उजवीकडचा शिवलिंगप्पा. दोघांनी मिळून घेतला व्हता ट्रॅक्टर. पुढं बांधावरून वाजलं. तवापासून त्या घरचं तोंड बघत न्हाई आमी! पण फोटो लई बारीक हाय. मोठा केल्यावर फाटंल का रे?"

मला हेच हवं होतं! "मामा, फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ताणली की ठिपके सुटे. आपण व्हेक्टर करू! त्यात नुसत्या रेषा, अन् रेषेमागं गणित. काडेपेटीवर छापा नाहीतर पाण्याच्या टाकीवर, धार तीच!"

"गणितात तर तू नापास व्हतास," मामी म्हणाली. (मामीची स्मरणशक्ती हे आमच्या घरातलं जुनं दुखणं आहे.)

कामाला बसलो. फोटोत दोघंही डावीकडं बघत होते, म्हणजे बोर्डावर अण्णांची दुकानाच्या नावाकडं पाठ! कोर्समध्ये शिकवलेलं, चेहऱ्यानं नावाकडं बघावं. म्हणून आधी अख्खा फोटो आरशातल्यासारखा फिरवून घेतला. मग चहाला गेलो. चहा फार चांगला होता. परत येऊन मामानं सांगितल्याप्रमाणे डावीकडचा माणूस धरला आणि रेघ ओढत सुटलो. गालावरच्या सुरकुतीला तर असा बाक दिला, की माझेच डोळे भरून आले. (रक्ताची ओढ, दुसरं काय!)

"छापायच्या आधी बघून घ्या, मामा."

"न्हाई. बापाचं दर्शन उद्घाटनालाच घेतो."

उद्घाटनाला मामा हात जोडूनच उभा राहिला. पडदा सरकला. हात जोडलेलेच राहिले, तोंड तेवढं उघडलं.

"ह्यो कोण हाय?"

"अण्णा."

"ह्यो शिवलिंगप्पा हाय, गाढवा!"

बारा फुटांचा शिवलिंगप्पा! आणि धार अशी, की पार रस्त्याच्या टोकाला उभ्या माणसांनीसुद्धा ओळखला. ठिपक्यांचा असता तर निदान शंकेला जागा राहिली असती!

मामा शिडी मागत होता, तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून शिवलिंगप्पाचा मुलगा बसवराज रस्ता ओलांडून आला. बोर्डाखाली थांबला. टोपी काढली.

"व्यंकटराव, आमच्या घरी बापाचा एक बी फोटो न्हाई. अन् तुमी... बोर्डावर लावला?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. मी शिडीकडं.

शेवटी मामीच बोलली, "हाव भावजी. ट्रॅक्टर दोघांचा व्हता ना? आमचे मामंजी बी लागणार हायत शेजारी. जागा सोडलीय की!" (ती जागा युरियाच्या जाहिरातीची होती.)

बसवराज खाली मान घालून उभाच. मामानं खुर्ची ओढली, पेढ्यांचं खोकं पुढं केलं. "बसा. घ्या." तासाभरानं पाहतो, तर दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून भांडत होते, ट्रॅक्टर जास्त चांगला कुणाचा बाप चालवायचा यावर!

पुढच्या आठवड्यात मी नवा बोर्ड लावला. एकीकडं शिवलिंगप्पा, मध्ये ट्रॅक्टर, दुसरीकडं खरेखुरे अण्णा. मामानं बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला. डोळे पुसले.

"बाप माझाच हाय. लई ब्येस काढलास." मग मान वाकडी केली. "पण भाचेबुवा, ट्रॅक्टरचा नंबर उलटा का रे?"

मी फोटो परत सरळ करायलाच विसरलो होतो! बसवराज तर म्हणतो, राहू द्या तसाच. राहिलाय. व्हेक्टरच तो! आज लातूरच्या एस.टी.तून जाणाऱ्यालाही खिडकीतून माझी चूक स्वच्छ वाचता येते. आरसा तेवढा सोबत पाहिजे.