हंस न्हाई, हसू

“माज्या लग्नात ही बदकं कोन सोडली?”

पोखर्णीचे दिगंबरमामा पाथरीत माज्या दुकानात उबे राहून कॉम्प्युटरकडं बोट दाखवायलते.

“मामा, बदकं न्हाईत, हंस हायत. तुमीच फोनवर म्हनले, हंस टाक.”

“हसू म्हनलो रं येड्या! येष्टीत बसून बोलायलतो. हसू!”

मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. मिक्सिंग म्हंजे, जे झालं त्यात जे झालं न्हाई ते मिसळायचं. नवरदेव जिंतूरच्या पुढं गेल्याला नसतो, त्याला बर्फात नाचवायचं. नवरीला कमळातून काढायचं. शाळेत मी टिकलो न्हाई, पन बर्फ लय छान पाडतो.

मामाचं लग्न बी मीच शूट केल्यालं, कॅसेटच्या जमान्यात. आता लेकीच्या हळदीला ते टीव्हीवर लावायचं हुतं. मामा स्टुलावर टेकले. आवाज खाली केला.

“सगळं बगितलं. तुजी मामी एकदा बी हसली न्हाई. मी पसंत नव्हतो की काय? आजून इचारायची हिंमत झाली न्हाई. टीव्हीत तरी हसू दे तिला.”

आता हसू कुठून आनू? आख्खी कॅसेट परत बगितली. एका जागी घावलं. शूटिंग करताना मी पाटावरनं धपकन पडलो हुतो. कॅमेरा बाजूला आडवा पडून चालूच, आन त्यात आडवी मामी खळखळून हसायलती. ते हसू सरळ केलं. मामा हार घालतेत तिथं जॉइंट मारला. जॉइंट म्हंजे दोन तुकड्यांची शिवण, दिसली की कारागीर गाढव. न्हाई दिसली. मामी मामाकडंच बगून हसायली. मला बी खरं वाटलं.

हळदीला सगळे टीव्हीम्होरं बसले. हसू आलं. मामा टीव्ही सोडून मामीकडं बगायलते.

“हे खोटं हाय!” मामी फटकन म्हनल्या. “हार घालताना मी हसलेच न्हाई. हा बाळ्या आदळला तवाचं हाय हे!”

बाया फिदीफिदी हसल्या. मामाचं तोंड एवढंसं झालं. मी गुपचूप चपला शोधायलो.

मंग मामी हळूच म्हनल्या, “हसू कशी? यांच्याकडं बगून हसू आलं की मागनं आई चिमटा घ्यायची. दंड काळानिळा झाल्ता माजा.”

“माज्याकडं बगून?” मामा.

“मंग काय बाळ्याकडं?” मामींनी पदर तोंडाला लावला.

लग्न उरकल्यावर मामा दुकानात आले.

“ते हसू काढ.”

“कामून? लय भारी बसलंय की!”

“आता नको. ती ओठ दाबून उबी हाय ना, तशीच बगायची हाय मला.”

काढलं. तवापासून कुनी व्हिडिओत काय टाकायला सांगितलं की मी आदी इचारतो, “बायकोला इचारलं का?” निम्मे तिथूनच घरी परत जातेत. धंदा बसलाय माजा.