नानांनी न कापलेला फिल्टर

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या नानांनी निवृत्त झाल्यापासून जगातली एकही बंद वस्तू बंद राहू दिलेली नाही. माणूस पोस्टात होता. उभा जन्म दुसऱ्यांची चिकटवलेली पाकिटं आणि शिवलेली पार्सलं हाताळण्यात गेला, आणि आत काय असेल या विचारानं जीव कासावीस होत असूनही त्यांनी त्यातलं एकही कधी उघडलं नाही. ती सगळी तुंबलेली उत्सुकता निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बाहेर पडली, असं अक्का म्हणतात. अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. कुकरची शिटी, भिंतीवरचं घड्याळ, डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल, गल्लीतल्या पोरांचा क्रिकेटचा चेंडू, काही म्हणून सुटलं नाही. एकदा जळगावहून भरताची सुंदर वांगी आली. ती सबंधच भाजायची असतात हे खानदेशात तान्ह्या मुलालाही ठाऊक. नानांनी मात्र बी कमी आहे की जास्त, ते पाहायला सगळी उभी चिरली. त्या दिवशी अक्कांनी त्यांना वांग्याचे काप खाऊ घातले आणि दिवसभर अबोला धरला. नानांचं एकच म्हणणं, "मझार काय शे, देखूत तरी!" मझार म्हणजे आत. हे वाक्य कानावर पडलं की आमच्या गल्लीत लोक आपापल्या वस्तू उचलून घरात नेतात.

अशा माणसाच्या हाती जुनी डिझेल गाडी लागली, मग काय विचारता! धुळ्यात गॅरेजांना तोटा नाही, पण नाना गाडी तिकडे नेत नाहीत. "ते उघडतात आपल्या पाठीमागं, आन बंद करून देतात. मग आपण काय पाह्यलं?" हा त्यांचा सवाल. त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे डिझेलचा फिल्टर, कारण तो मुळात उघडण्यासाठी केलेलाच नसतो. जुना काढा, फेका, नवा बसवा, इतकंच त्याचं आयुष्य. नाना ओट्यासमोर गाडी लावतात, बॉनेट उघडतात, फिल्टरखालचा नट सैल करून पहिली धार काचेच्या ग्लासात धरतात आणि तो ग्लास उन्हात उंच करून बघतात. खाली पाणी, वर डिझेल, मध्ये काळसर कचरा. मग नव्या फिल्टरमध्ये आधी काठोकाठ डिझेल भरायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. तो बसवायचा आणि वरचा रबरी पंप हातानं दाबत राहायचं. बुडबुडे थांबेपर्यंत आणि पंप हाताला कडक लागेपर्यंत. या वेळी नाना कोणाशी बोलत नाहीत. डॉक्टर नाडी पाहताना जसे दिसतात तसे दिसतात.

पण खरा सोहळा त्यानंतरचा. काढलेला फिल्टर हेक्सा ब्लेडनं गोल कापायचा, आतला घड्याघड्यांचा कागद अक्कांच्या पापडांसारखा ओट्यावर वाळत घालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. मीही कितीदा बँकेत जाता जाता थांबून पाहिलं आहे. खोटं कशाला बोलू, मलाही त्याची गोडी लागली. "ही बारीक माती पाह्य, पोरी. ही अमळनेरकडची," नाना सांगायचे, "आन हे पाणी साक्रीच्या पंपावरचं." आता डिझेलमधल्या मातीला गाव असतं की नाही, देव जाणे. पण नाना एवढ्या खात्रीनं सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्याच डोळ्यांचा संशय यायचा.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची गोष्ट. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. अक्कांचं माहेर साक्रीच्या वाटेवर आत वळल्यावर एका खेड्यात. दर वर्षी गाडी गल्लीत शिरली की त्यांची आई चुलीपाशी सांजोऱ्या तळत बसलेली असायची आणि तो वास वळणावरच गाठायचा. ती म्हातारी हिवाळ्यात गेली. त्यामुळे ही तिच्या नावाची पहिली आखाजी. दुपारी निखाऱ्यावर तिच्या नावानं घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. त्यांच्या घरचा रिवाज असा की दुःखाच्या घरात वर्षभर कढई चढत नाही. तळलेलं लेकीनं आपल्या घरून करून आणायचं. म्हणजे अक्का भर दुपारच्या आत सांजोऱ्या घेऊन पोहोचल्या तरच आईच्या घासात सांजोरी पडणार. आई गेल्यापासून अक्का रडल्या नव्हत्या. कामाला मात्र दुप्पट लागल्या होत्या. ते बघून आम्हालाच धास्ती वाटायची.

मोतीबिंदू काढल्यापासून हमरस्त्यावर नानांच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाही, हा अक्कांचा हुकूम. माझं माहेर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे मला जायची घाई नव्हती. चालवायला मी निघाले. आदल्या संध्याकाळीच अक्कांनी बजावलं होतं, "उद्या काहीच उघाडू नका. तुम्हाले मन्ही आन शे." नानांनी शपथ पाळली असती, पण गाडीनंच दगा दिला. गल्लीच्या तोंडाशी दोन आचके देऊन ती बंद पडली. आम्ही ढकलत परत ओट्यापाशी आणली. नानांनी ग्लासात धार धरली, तर निम्मं पाणी. "फिल्टर बदलनाच पडी," नाना हळूच म्हणाले. अक्कांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन तिथंच ओट्यावर बसल्या.  

नानांचे हात इतके भराभर चाललेले मी कधी पाहिले नव्हते. दाराशी दोन सारखेच पांढरे कॅन होते. एकात नानांचं डिझेल. दुसऱ्यात अक्कांनी घाण्यावरून आणलेलं शेंगदाण्याचं तेल. तळून उरलेलं भावाला द्यायचं म्हणून त्यांनी ते तिथं आणून ठेवलेलं. नानांनी एक कॅन उचलला, नवा फिल्टर भरला, गाडीत डिझेल कमी म्हणून उरलेलं टाकीत ओतलं आणि दुसरा कॅन डिकीत टाकला. निवृत्तीपासून प्रत्येक झाकण उघडून आत नाक घालणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदाच आत काय आहे ते न बघता ओतलं. पंप दाबला, बुडबुडे थांबले, गाडी जराशी खोकली आणि चालू झाली.

धुळं मागं पडलं तसा गाडीत तळणाचा वास सुटला. मी म्हटलं, "अक्का, डबा उघडा राहिला का?" डबा घट्ट बंद होता. वास वाढतच गेला. कुसुंब्याच्या अलीकडे एका ढाब्यावरची माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली, तेव्हा नानांनी गाडी चालू ठेवूनच मला थांबवलं. मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकले. मग डिकीतल्या कॅनचं झाकण उघडलं, हुंगलं आणि तसेच पुतळ्यासारखे उभे राहिले.

"काय व्हयनं?" अक्कांनी विचारलं.

"तुन्हं तेल गाडीत गयं," नाना म्हणाले, "आन तुन्हा भाऊले आपण डिझेल लई जाई ऱ्हायनूत."

अक्का चिडल्या असत्या तर नानांना सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "गाडी पोचाडी ना?"

गोड्या तेलावर डिझेलचं इंजिन चालतं, असं नानांनी कुठंतरी वाचलं होतं. कसं चालतं, फिल्टरमध्ये काय होतं, ते बघायची याहून नामी संधी जन्मात मिळणार नव्हती. त्यांचा हात बॉनेटकडे गेलासुद्धा. पण एकदा उघडलं की पुन्हा हवा शिरणार, पुन्हा पंप, पुन्हा वेळ; आणि ऊन तर डोक्यावर यायला लागलेलं. नाना मुकाट्यानं आत येऊन बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि म्हणाले, "चाल पोरी. आते काही देखनं नाही." उरलेला सगळा रस्ता ते कान देऊन इंजिन ऐकत होते. मी नानांना असं हात आवरून बसलेलं आधी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

गावाचं वळण आलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती. आमच्या गाडीचा वास पुढे कुठं जाईना. तिथंच कोंडून राहिला. अक्कांच्या भावाचं घर दिसलं. दारात घागर मांडलेली, माणसं जमलेली, निखारे फुललेले. आगारी अजून व्हायची होती. मी गाडी थांबवली. अक्कांनी उतरण्यासाठी दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि थबकल्या. त्यांनी खोल श्वास घेतला.

"माय सांजोऱ्या तळी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

आणि डबा पोटाशी धरून, अर्ध्या गाडीत अर्ध्या बाहेर अशा, हिवाळ्यापासूनचं सगळं रडल्या. भाऊ धावत आला. मी घाईघाईनं चावीकडे हात नेला, तर नानांनी माझं मनगट धरलं.

"बंद नको करू," ते हळूच म्हणाले. "राहू दे जराशी चालू."

सांजोरी घासात पडली. डिझेलचा कॅन अक्कांच्या भावानं शेतातल्या इंजिनासाठी आनंदानं ठेवून घेतला. परत आल्यावर नानांनी चार दिवस खपून टाकी धुतली आणि फिल्टर पुन्हा बदलला. त्या दिवशी ओट्यावर कागद वाळत पडेल म्हणून मी बँकेत जाताना मुद्दाम थांबले. शेंगदाण्याच्या तेलानं आत काय केलं असेल, याची मला खरंच उत्सुकता होती. ओटा रिकामा होता. फिल्टर पुसून खिडकीत ठेवलेला, अक्कांच्या तुळशीच्या बाजूला, अख्खाच्या अख्खा.

"नाना, हा कापायचा नाही?" मी विचारलं.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं अक्का कुठलंतरी जुनं गाणं गुणगुणत होत्या.

"नको," ते म्हणाले. "मझार काय शे, मले मालूम शे."