चुन्याच्या रेघेअलीकडे

माझा दादा पेंटर आहे. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, 'येथे वाहने लावू नयेत', आणि निवडणूक आली की गावभरच्या भिंती. सगळ्या पक्षांचा तो लाडका. पण स्वतः मत देत नाही. वीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी शाळेत शिकवते आणि दर निवडणुकीला माझी ड्यूटी नेमकी त्याच्याच केंद्रावर लागते. यादी माझ्यापुढे असते. माणूस आला की त्याच्या नावाखाली रेघ मारायची. वहिनीच्या नावाखाली रेघ. शेजारच्या नव्वदीच्या आजोबांना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं, त्यांच्याही नावाखाली रेघ. आणि मध्ये माझा सख्खा भाऊ, कोरा. टेबलावर शेजारी बसलेले मास्तर विचारतात, "बाई, हे तुमचेच बंधू ना?" काय सांगू, कपाळ?

बरं, घरी तरी बसावं! तेही नाही. केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची एक रेघ मारतात, तिच्या आत कुणी प्रचार करायचा नाही. ती रेघ मारायचं काम दादाचंच. आदल्या दिवशी टेप लावून, गुडघे टेकून, बघत राहावी इतकी सरळ रेघ मारतो. दुसऱ्या दिवशी वहिनीला सोडायला येतो आणि स्वतःच मारलेल्या रेघेबाहेर चपला जुळवून उभा राहतो. मला वर्गाच्या खिडकीतून तो दिसतो आणि डोक्यात तिडीक जाते.

यंदा प्रकरण माझ्या भाचीपर्यंत आलं. अठरा पूर्ण झाली, यादीत नाव आलं. मी कौतुकाने पेढे न्यावेत तशी आनंदाने बातमी घेऊन गेले, तर पोरगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "आत्या, मी नाही जाणार. बाबा जात नाहीत ना? त्यांना आतलं सगळं माहीत असतं."

झालं! एका घरात एक कोरी जागा मी कशीबशी सोसली होती, दुसरी सोसणार नव्हते. तशीच दादाच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे रंगाच्या डब्यांनी भरलेली एक खोली. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठतं. भिंतीवर खिळ्याला पत्र्याची एक स्टेन्सिल टांगलेली, कडांना सतरा रंगांची पुटं चढलेली. तिच्यातून एकच वाक्य उमटतं : 'यंदा पूल होणारच.'

हा पूल कालव्यावरचा. आमची वस्ती अलीकडे, इस्पितळ आणि बाजार पलीकडे. पलीकडचा माणूस काय भाजी घेतोय ते इकडून दिसतं, पण तिथे पोचायचं तर जुन्या पुलावरून तासाभराचा वळसा. दादा पंचविशीत होता तेव्हा एका उमेदवाराने हे वाक्य चाळीस भिंतींवर मागितलं. हाताने लिहून हात भरून आले, म्हणून दादाने आपल्याच अक्षरात ही स्टेन्सिल कापली. उमेदवार निवडून आला, पूल नाही आला. पुढच्या खेपेला विरोधकानेही तेच वाक्य मागितलं. तेव्हापासून प्रत्येकाला हेच वाक्य लागतं, खालचं नाव तेवढं बदलायचं. मागच्या वेळी तर कहर झाला. पंपघराची भिंत रंगवायची दादा विसरला. तिच्यावर आधीच्या निवडणुकीतलं, पार विरोधी उमेदवाराचं वाक्य तसंच होतं, खालचं नाव वाळूच्या ढिगाआड गेलेलं. नव्या उमेदवाराचा माणूस आला, भिंतीचा फोटो काढला आणि म्हणाला, "झकास झालंय, पेंटर!"

मला दारात बघून दादा हसला. "हसतोस काय?" मी म्हटलं. "पोरगी तुझं बघून घरी बसतेय. तिला नीट सांग, जा म्हणून."

"मी कुठे अडवलंय?"

"अडवायला तोंड उघडावं लागत नाही तुला! सगळे सारखेच, असंच ना तुझं? मग जो त्यातल्या त्यात बरा वाटेल त्याला दे. नाहीतर कुणीच नको म्हणून सांगून ये. पण जा तरी! भिंती रंगवताना हात चालतो, तिथे काय लकवा भरतो?"

तो ब्रश पुसत राहिला.  मग म्हणाला,

"आई काय म्हणायची, आठवतं तुला?"

मला आठवत होतं. आईला वाचता येत होतं ते जेमतेम, पण दादाचं अक्षर ती लांबून ओळखायची. पहिल्या वेळी भिंतीसमोर उभी राहून म्हणाली होती, "माझ्या लेकाच्या हातचं अक्षर आहे, खोटं कसं असेल?" आणि मत देऊन आली. पुढच्या वेळी दुसऱ्याला. कारण तेच, अक्षर लेकाचं. मग तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात घातलं, इस्पितळ समोर दिसत होतं, आणि आम्ही वळसा घालत निघालो. त्या वळशातच आई गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दादा पुढे, रिक्षावाल्याशेजारी.

"तू मागे होतीस," दादा म्हणाला. "तुला दिसलं नसेल. सगळ्या रस्त्याने माझं अक्षर होतं. प्रत्येक भिंतीवर."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. "मग तेव्हाच का नाही फेकलीस ही? वीस वर्षं रंगवतोयस! भिंतीवर खोटं लिहायचं आणि मत न देऊन सोवळं पाळायचं? हे कुठलं प्रायश्चित्त, दादा?"

 मी पाय आपटत निघाले. माझ्यामागोमाग आलेली भाची दाराआड उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

त्याच संध्याकाळी दादाने स्टेन्सिल पायाखाली घेऊन दुमडली आणि उमेदवाराच्या माणसाला सांगितलं, हे वाक्य मी लिहिणार नाही. मला वाटलं, चला, निदान काही तरी हललं! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चौकात दोन मजली फ्लेक्स : 'यंदा पूल होणारच.' छापून आणला होता त्यांनी, एका रात्रीत. दादावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी फोन करून म्हटलं, "बघ. तुझं न लिहिणं त्यांनी भरून काढलं. तुझं मत मात्र तुझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही."

तो "हं" म्हणाला.

मतदानाच्या दिवशी दुपारी खिडकीतून दोघं दिसले. रेघेपाशी आल्यावर दादा थांबला, चपला जुळवल्या. भाची एकटीच पुढे आली. तिचं नाव मी मोठ्याने वाचलं. नावाखाली रेघ मारली ती जरा वाकडी गेली.

तेवढ्यात माझी जेवणाची सुट्टी झाली, म्हणून तिच्यामागोमाग मी बाहेर आले. म्हटलं, आज हाताला धरून आणते याला. पोरीने बापाला शाई लागलेलं बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, अक्षर बघून नाही दिलं."

दादाने ते बोट हातात धरलं. बराच वेळ सोडलंच नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"चल आता," मी म्हटलं. "शंभर मीटर तर आहे."

त्याने रेघेकडे बघितलं. उजवा पाय उचलला, खरंच उचलला, मी पाहिलाय. मग तो पुन्हा खाली ठेवला, अलीकडेच.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला.

पुढच्या वेळी! वीस वर्षं भिंतीवर हेच तर लिहीत आला होता. मी त्याला तिथेच सोडून परत आले. सहा वाजता दार बंद झालं. यादी मिटायच्या आधी मी त्याच्या नावावर बोट ठेवून बघितलं. वर वहिनीच्या नावाखाली रेघ होती, खाली त्याच्या लेकीच्या.