लवूने आणलेलं औषध

लवू मुलुंडला औषधं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. शिक्षण दहावी नापास, पण बुरशी वाढवण्यात त्याचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बटाटे उकडायचे, पाणी गाळून त्यात साखर घालायची, ते निर्जंतुक करून त्यात बुरशीचा कण सोडायचा, हे त्याचं रोजचं काम. नमुन्यांसाठी चिखल आणायलाही तोच जायचा. चौऱ्याऐंशी साली मनोरीच्या तिवरांतून आणलेल्या चिखलातून एक हिरवट-काळी बुरशी उगवली. तिच्या अर्कानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत मेल्या. प्रमुख माणिक मॅडमनी सगळ्यांसमोर लवूचं नाव घेतलं. तो पेढे घेऊन भांडुपच्या चाळीत आला आणि दारोदार सांगत सुटला, की कॅन्सरचं औषध आम्ही शोधलं.

चाळीतल्या खोलीत तो थोरला भाऊ धोंडू आणि वहिनी सुगंधा यांच्याबरोबर राहायचा. आईवडील गेल्यावर धोंडूनेच त्याला मालवणहून आणून वाढवलं होतं. संपात गिरणीतली नोकरी गेली, तसा धोंडू अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमन झाला होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या शौचातून रक्त जायला लागलं. तपासणीत मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ निघाली. डॉक्टरांनी मार्चमधली तारीख दिली आणि ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल, असं सांगितलं.

धोंडूनं पिशवीची धास्तीच घेतली. "माका पिशवी बांधून जगूचा नाय," तो म्हणाला. "तुझा ता औषध आणून दी."

लवूनं मॅडमना विचारलं. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं, की त्याच अर्कानं उंदरांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. माणसापर्यंत जायला दहा वर्षं लागतील, कदाचित ते कधीच जाणार नाही. भावाला ऑपरेशनलाच पाठव, असं त्यांनी दोनदा बजावलं.

हे घरी सांगायला लवूची जीभ रेटेना. पेढे त्यानंच वाटले होते. शिवाय धोंडूचं जेवण तुटलं होतं, तो रात्रंदिवस छताकडे बघत पडायचा. तारखेपर्यंत त्याला धीर राहावा म्हणून लवूनं एक बाटली भरून नेली. तिच्यात बुरशी नव्हती. नुसतं बटाट्याचं गोड पाणी होतं. रोज दोन चमचे घे, असं त्यानं सांगितलं.

आठवड्याभरात धोंडू उठून बसला. रक्त कमी झालं म्हणाला, जेवू लागला. तारखेच्या दिवशी लवू रिक्षा घेऊन आला, तर धोंडू घरच्या लेंग्यावरच बसलेला. औषध लागू पडतंय, मग पोट कशाला फाडून घेऊ, असं त्याचं म्हणणं. लवूनं खूप समजावलं, पण बाटलीत काय आहे हे सांगितलं नाही. बाटली संपली, तेव्हा त्यानं दुसरी आणली. तिसरीही आणली.

मे महिन्यात धोंडूचं पोट फुगलं, आतडं पूर्ण बंद झालं. तातडीनं ऑपरेशन केलं, पिशवी लावली, पण गाठ यकृतात पोचली होती. मार्चमध्ये आला असता तर वाचला असता का, हे लवूनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता कोण सांगू शकेल. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तरी त्याला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात त्यानं भावाला सगळं सांगितलं.

"बटाट्याचा पाणी," धोंडू म्हणाला. मग म्हणाला, "ह्यां सुगंधाक सांगू नको. तुका घराबाहेर काढीत ती."

नोव्हेंबरात धोंडू गेला. सुगंधा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, की भावजींच्या औषधानं ह्यांना दोन महिने बरे गेले. लवू ताटावरून उठायचा.

वर्षश्राद्धाच्या सुमारास शेजारची शकु दारात आली. तिच्या नवऱ्याला, राजारामला, तोच आजार निघाला होता. ऑपरेशनला तो घाबरत होता. तिनं लवूकडे तेच औषध मागितलं. सुगंधा आत भाकरी थापत होती.

"शकुताई, ते औषध नव्हतं," लवू म्हणाला. "साखरेचं पाणी होतं. मीच खोटं बोललो. माझ्या भावाची ऑपरेशनची तारीख त्याच्यामुळे चुकली."

सुगंधाचे हात थांबले. शकु गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तेंका म्हायत होता?"

"शेवटी सांगितलं मी."

"म्हणजे दोघांका म्हायत होता. माझ्यापासून कित्याक लपवलास?"

आठवड्यानं ती गावी गेली.

राजारामला लवूनंच हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं, पिशवी लागली. राजाराम पुढं बरीच वर्षं जगला. चाळीतल्या जिन्यावर तो भेटला, की लवूला आधी बरं वाटायचं आणि लगेच आज धोंडू किती वर्षांचा असता, हे मनात यायचं. सुगंधा पुढच्या वर्षी गणपतीनंतर परत आली. तिनं त्याला घराबाहेर काढलं नाही. जेवण वाढायची, आजारी पडला तर काढा द्यायची. धोंडूनं बाटलीबद्दल विचारलं नव्हतं, तसं काढा प्यायच्या आधी लवूनंही कधी विचारलं नाही, की त्यात काय आहे.