बाळाजी पाडेलीच्या छातीचा प्रश्न

बाळाजी पाडेली, म्हणजे झाडावर चढून सुपारी पाडणारा; आमच्या वाडीतल्या पोफळींवर तो तीस वर्षं चढतोय. एका पोफळीची सुपारी काढली की खाली न उतरता झाड झुलवून दुसरीवर जायचं, ही त्याची पद्धत. खाली उभा मी दरवर्षी ओरडतो, "अरे मेल्या, पडशील!" तो वरून म्हणतो, "भाऊ, पडलो तं तुमच्यावरच पडन."

पडला नाही. आतड्याचा कॅन्सर मात्र झाला. ऑपरेशन झालं, मग केमो. पहिल्या दोन वेळा हातात सुई टोचून औषध दिलं. हात हे एवढे दणकट, पण शिरा ऐन वेळी तोंड लपवणाऱ्या. दुसऱ्या खेपेला औषध शिरेबाहेर झिरपलं आणि हात भाजल्यासारखा लाल झाला. डॉक्टर इरा म्हणाल्या, आता सुई पुरे. दंडातून छातीपर्यंत बारीक नळी घालू, नाहीतर छातीच्या कातडीखाली छोट्या डबीसारखा पोर्ट बसवू. काय ते ठरवून सांगा.

झालं! ज्यांना स्वतःची बीपीची गोळी आठवत नाही, ते सगळे गावात शिरांवर बोलू लागले. बाळाजीच्या बायकोचा, बायजाचा, कौल नळीला. कापाकापी नाही आणि सहा महिन्यांत निघते. बाळाजीचं म्हणणं, नळीचा दंड कोरडा ठेवायचा, दर आठवड्याला पट्टी बदलायला जायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. आणि डबी छातीत बसवली तर पोफळीला मिठी कशी मारू?

"डोक्यात बसवा म्हणावं, रिकामंच हाय," बायजा म्हणाली.

शेवटी ती दोघं आणि मी, असे तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर चित्र काढून समजावत होत्या, तेवढ्यात बाळाजी उठला आणि सरळ बाहेरच्या खांबाला बिलगला. हातभर वरसुद्धा गेला. वॉचमन धावत आला, रांगेतली माणसं हसायला लागली, मी लाजेनं अर्धमेला झालो. डॉक्टर मात्र पेन घेऊन त्याच्याजवळ गेल्या.

"थांबा तसेच. खोड कुठे घासतं?"

घासत होतं उजव्या अंगाला. डावीकडे गळ्याच्या हाडाखाली चार बोटं जागा मोकळी होती. तिथे त्यांनी फुली मारली आणि उपचार संपेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असा दमही भरला.

"ही डबी किती वर्सं ऱ्हाते?" बाळाजीनं विचारलं.

"काळजी घेतली तर बरीच वर्षं."

"आन् मी?"

"खात्री देत नाही. पण आजार वेळेत सापडलाय. मला आशा आहे."

बायजा रडायलाच लागली. म्हणाली, नळी लवकर निघते म्हून मला ती हवी व्हती, ती निघाली का आजारबी गेला.

"येडी हाय," बाळाजी म्हणाला. "मला ऱ्हाणारी वस्तू पायजे. डबीच बसवा."

मग माझ्याकडे वळला. "भाऊ, औंदा सुपारीला दुसरा मानूस बघा. पुढल्या वर्साचं कुनाला बोलू नका."

मी बोलून बसलो होतो. विपुल म्हणून दुसरा पाडेली आहे, त्याला दोन वर्षांचं पक्कं सांगितलं होतं. बाळाजी आता कसला चढतोय, हेही मीच म्हणालो होतो. मला माझी शरम वाटली. बाहेर जाऊन विपुलला फोन लावला आणि आपलं एकाच वर्षाचं ठरलं होतं, असं ठासून खोटं सांगितलं. तो भांडला. मी त्याच्याहून जास्त भांडलो.